धोतऱ्याच्या बाई

महाडच्या एसटी स्टँडवर एका भिंतीवर लिहिलेलं होतं, ‘येथे थुंकू नये’. त्याच्या खाली खडूनं कोणीतरी लिहिलं होतं, ‘मग कुठे थुंकावे तेही लिहावे’. मी कॉलेजात मराठी शिकवायला म्हणून गावात उतरलो, त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं ते हे. गावात कोणीतरी चावट माणूस आहे असं वाटून बरं वाटलं. पुढच्या रविवारी सावित्रीच्या काठावर फिरायला गेलो. तिथं पाटी होती, ‘पाण्यात उतरू नये’. खाली तेच टपोरं अक्षर, फक्त या वेळी चावटपणा नव्हता. ‘उतरणारच असाल तर एकट्याने नको. डावीकडे डोह आहे. उजवीकडून कंबरेइतक्या पाण्यापर्यंतच.’

हा चावट माणूस म्हणजे आमच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई निघाल्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, सडपातळ, नेहमी सुती साडी, लुनावरून यायच्या आणि लुनाच्या पुढच्या जाळीत पाल्याच्या पिशव्या. पर्समध्ये खडू कायम. स्टाफरूममध्ये सुकटीची चटणी उघडून खाणाऱ्या त्या एकट्याच. कोणी नाक मुरडलं तर डबा त्याच्याकडे सरकवायच्या. “घ्या, लांबून वासच घेत बसू नका.”

नुसत्या ‘नका’वर त्यांचा राग होता. मला एकदा म्हणाल्या, “मास्तर, तू मराठीचा. सांग बरं, ‘उतरू नये’ हे पूर्ण वाक्य आहे का?”

मी म्हटलं, व्याकरणानं आहे.

“व्याकरण बुडत नाही. पोरं बुडतात. पाटी वाचून परत फिरणारा मुळात उतरणारच नव्हता. जो उतरणार आहे त्याच्यासाठी पाटीवर एक शब्द नाही.”

मी नवा होतो आणि त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान, त्यामुळे ‘सर’ म्हणायच्या भानगडीत त्या पडल्याच नाहीत. पहिल्या दिवसापासून मी मास्तर.

गावात त्यांना धोतऱ्याच्या बाई म्हणत. ते नाव कसं पडलं ते मला पार्टिशनमधून ऐकायला मिळालं. आमच्या वर्गांमध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. पलीकडे बाई तास घेत असल्या की अलीकडे माझी मुलं माझ्याकडे बघत आणि कान तिकडे लावत. एके दिवशी मीही पुस्तक मिटलं.

“वांगं, मिरची, बटाटा, टोमॅटो, तंबाखू,” बाई सांगत होत्या. “सगळी एका घरातली. हा काटेरी बोंडवाला धोतराही त्याच घरातला. शंकराला वाहतात म्हणून तुम्हाला माहीत आहे. शिमग्याला भांगेत वाटून घालतात म्हणूनही माहीत आहे. माहीत नसल्यासारखं तोंड करू नका. मी खाल्लाय.”

पलीकडची बाकं पुढे सरकल्याचा आवाज आला. अलीकडचीही सरकली.

“तुमच्याएवढी होते. मुंबईला हॉस्टेलमध्ये. पुस्तकात लिहिलं होतं, भ्रम होतात. भ्रम म्हणजे काय ते लिहिलं नव्हतं. तासभर काहीच झालं नाही म्हणून मैत्रिणींसमोर फुशारकी मारली आणि आणखी खाल्ला. बरेच लोक मरतात ते इथे. काही होत नाही म्हणून आणखी घेतात. मग तोंड इतकं कोरडं पडलं की जीभ टाळ्याला चिकटली. थोड्या वेळानं माझ्या कॉटवर एक गृहस्थ येऊन बसले. टोपीवाले, फार सभ्य. मी त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत होते. ते तिथं नव्हते. पण ते नाहीत अशी शंका मला एकदाही आली नाही. तुम्हाला वाटतं गंमत दिसते आणि ही गंमत आहे हे आपल्याला कळत असतं. इथे ते कळत नाही. गच्चीचा कठडा पायरी वाटतो. दोन दिवसांनी आई आली तर मी तिला, कोण पाहिजे, असं विचारलं. त्यानंतर कितीतरी दिवस मला वाचता येत नव्हतं, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या.”

एका मुलानं विचारलं, “मॅडम, पण मजा आली का?”

बाईंनी विचार केला असावा, कारण उत्तर यायला वेळ लागला. “नाही. भीतीसुद्धा वाटली नाही. भीती वाटायला शुद्ध लागते. भीती माझ्या मैत्रिणींना वाटली. आणि आता हे उतरवून घ्या. या झाडाच्या बोंडात जितकं विष आहे तितकंच शेजारच्या झाडाच्या बोंडात असेल असं नाही. गेल्या वर्षी अमक्यानं इतकं खाल्लं आणि त्याला काही झालं नाही, या हिशेबावर जो खातो तो आंधळा हिशेब करतो.”

दुसऱ्या दिवशी दोन पालक प्राचार्यांच्या केबिनमध्ये. आमचे प्राचार्य वाईट नव्हते, घाबरट होते. कॉलेजचं नाव म्हटलं की त्यांचा आवाज खाली यायचा. त्यांनी मलाही बोलावलं, शेजारच्या वर्गातला साक्षीदार म्हणून.

“बाई, तुम्ही विद्यार्थ्यांसमोर नशा केल्याची कबुली दिलीत?”

“कबुली नाही सर, माहिती दिली.”

“पण स्वतःचं कशाला सांगायचं? कोणीतरी एक मुलगी होती, असं सांगायचं.”

“मग ती खोटी झाली असती. मुलांना खोटं लगेच कळतं. मग पुढचं खरंही त्यांनी सोडून दिलं असतं.”

“निदान अशा विषयावर बोलण्याआधी परवानगी घेत जा.”

बाई चवदार तळ्याजवळच्या वस्तीत वाढलेल्या. आजोबा त्या सत्याग्रहात तळ्यात उतरलेले. त्या खुर्चीत जरा ताठ झाल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, आमच्या घरात परवानगी या शब्दाबद्दल फार बोलणं झालेलं आहे. ते सगळं मी तुम्हाला सांगत बसत नाही.”

प्राचार्यांनी पंख्याकडे बघितलं. पालक चहा न पिताच गेले. पुढच्या वर्षी धोतऱ्याचा तास झाला तेव्हा वाणिज्य शाखेचीही मुलं दाराशी उभी होती.

बाईंना कशाचंच काही वाटत नसे, सगळं चालत असे, असा गावाचा समज होता. तो खोटा आहे हे मला त्यांच्या ओटीवर कळलं. सुट्टीचा दिवस होता, मी जेवायला गेलो होतो. दुपारी तीन मुलं रिक्षातून उतरली. मधल्याला दोघांनी धरलं होतं. गावातल्याच एका वाहतूकदाराचा मुलगा, आमच्या पहिल्या वर्षाचा. हायवेवरच्या ढाब्यावर गोव्याहून परतणाऱ्या कोणा पोरांनी त्याला नशेचं काहीतरी मुरवलेला नखाएवढा कागदाचा तुकडा दिला होता. जिभेवर ठेव, म्हणाले. ठेवला. घरी जायची हिंमत नव्हती, दवाखान्यात गेलो तर वडिलांना कळेल, म्हणून मित्रांनी बाईंकडे आणला.

बाईंनी आधी त्याच्या कपाळाला हात लावला. नाव विचारलं, ते त्यानं बरोबर सांगितलं. पाणी दिलं, ते तो प्यायला. मग मला म्हणाल्या, “मास्तर, कोपऱ्यावरच्या बूथवरून डॉक्टरांना फोन कर. सांग, कागद होता, कशाचा ते देणाऱ्यालाही माहीत नसेल. ताप नाही, बोलतोय, घाबरलाय. काय काय दिसलं तर लगेच आणायचं ते नीट विचारून ये. अंदाजानं काही ऐकून येऊ नको.”

मी परत आलो आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांच्या कानावर घातलं. अंग तापलं, झटका आला, हाक मारूनही ओळख पटेना किंवा शुद्ध जायला लागली, तर थांबायचं नाही. नाहीतर एकटं सोडू नका, मी संध्याकाळी येतो. तोपर्यंत बाईंनी पडदे ओढले होते, रेडिओ बंद केला होता, एका मित्राला जवळ बसवलं होतं आणि दुसऱ्याला बाहेर पाठवलं होतं, कारण तो सारखा हसत होता. मुलगा भिंतीला पाठ लावून बसला होता.

“मॅडम, भिंत श्वास घेतेय.”

“घेऊ दे. पडणार नाही ती. मी इथेच आहे.”

“मी वेडा झालो का?”

“नाही. जे खाल्लंस ते चढलंय. उतरेल. उतरेपर्यंत आपण इथेच बसू.”

त्याला खरं काय आणि खोटं काय ते अर्धंमुर्धं कळत होतं. धोतऱ्यात आणि यात हा फरक असतो, असं बाई मला हळूच म्हणाल्या. पण कळत असल्यामुळेच तो घाबरला होता. दोनदा त्याला उठून रस्त्यावर पळायचं होतं. बाईंनी त्याला दाबून धरलं नाही, दाराच्या आणि त्याच्या मध्ये खुर्ची टाकून बसल्या आणि पायाखालची फरशी गार आहे का, असं विचारत राहिल्या. त्याच्याच घरातल्या मांजराची चौकशी केली. दिवेलागणीला डॉक्टर येऊन बघून गेले. मुलगा दमून गेला होता, पण आता वरणभात मागत होता.

तो जेवल्यावर बाईंनी विचारलं, “घरात कोणाला मनाचा आजार आहे?”

त्यानं रिकामं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, “मामाला हाय. त्याला आवाज ऐकू येतात. घरातनं बाहेर सोडत नाहीत.”

“मग नीट ऐक. तुझ्या मित्रांना मी धोके सांगेन आणि निर्णय त्यांच्यावर सोडेन. तुला मी सोडणार नाही. तुझ्या घरात हा आजार आहे. एखाद्याचं जे संध्याकाळी उतरतं ते तुझं कदाचित कधीच उतरणार नाही. तू परत हे घ्यायचं नाहीस. गांजासुद्धा नाही.”

त्यांच्या तोंडून इतकं उघडंवाघडं ‘नाही’ मी पहिल्यांदा ऐकलं. तो गेल्यावर त्या ओटीवर बसून राहिल्या. ओढलेले पडदे उघडायलाही उठल्या नाहीत. मी म्हटलं, तुम्हाला भीती वाटली होती? त्या म्हणाल्या, “दिवसभर. त्याच्यासमोर वाटून कसं चाललं असतं.”

पण त्यांची खरी लढाई झाली ती कुडपणला. कुडपण म्हणजे पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरचं गाव. तिथला संतोष आमचा विद्यार्थी. त्यानं आम्हा दोघांना शिमग्याला बोलावलं होतं. मुंबईची चाकरमानी पोरं आली होती, पालखी नाचत होती, घराघरात पुरणपोळ्या. धुळवडीच्या सकाळी आम्ही संतोषच्या अंगणात चहा पीत होतो, तर खालच्या आळीतून आरडाओरड ऐकू आली.

संतोषचा चुलतभाऊ मंगेश, मुंबईत कुरिअरच्या नोकरीला असलेला, त्याला ओसरीच्या खांबाला दोरीनं बांधलं होतं. डोळे सताड उघडे, चेहरा लालबुंद, हवेतून काहीतरी वेचून तोंडात घालायला हात धडपडत होते. एक म्हातारा त्याच्या तोंडात चिंचेचं पाणी ओतत होता.

“अंगात आलंय त्याच्या,” म्हातारा म्हणाला. “पालखीचा मान राखला नाय यान.”

बाई गर्दीतून आत गेल्या, त्यांनी मंगेशच्या कपाळाला हात लावला आणि पाण्याचं भांडं म्हाताऱ्याच्या हातातून काढून घेतलं. “याला गिळता येत नाही. हे पाणी छातीत जाईल. अंग भाजतंय आणि घामाचा थेंब नाही. काय खाल्लंय यानं?”

“भांग हाय नुसती,” एकजण म्हणाला.

बाई कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोरांकडे वळल्या. “मी पोलीस नाही. तुमची नावं मला नकोत. मी स्वतः धोतरा खाल्लेली बाई आहे, मला लाजू नका. भांगेत काय होतं?”

पोरांनी माना खाली घातल्या. संतोष माझ्या शेजारी उभा होता. त्यानं एकदा आपल्या वडिलांकडे बघितलं आणि म्हणाला, “धोतऱ्याच्या बिया होत्या मॅडम. वाटून घातल्या. सकाळी. मी बघितलं.”

“आणखी कोणी प्यायलं?”

“बाकीच्यांनी साधी घेतली. ही यान एकट्यानंच.”

“उरल्यात त्या बिया?”

“हायत थोड्या.”

“पुडीत बांधून आण. डॉक्टरांना दाखवायच्यात. आणि गाडी काढायला सांग.”

तेव्हा मंगेशचे आणि संतोषचे थोरले काका पुढे आले. गावातलं मोठं प्रस्थ. “बाय, गाडीबिडी काय नाय. खाली नेला का पोलीस केस. शिमग्यात गावाची अब्रू जायची. उतरल संध्याकाळपर्यंत.”

“उतरेल किंवा मरेल. मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?”

“आमच्या गावातलं आमी बघू.”

“बघा ना. बघताय कुठे? दोरी बघा, मनगटं कशी झालीत. जितका ओढतोय तितकं अंग तापतंय. मी इथून हलणार नाही. मला हलवायचं असेल तर मलाही बांधा त्याच खांबाला.”

आणि बाई खरंच खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या. सुती साडीवर रंगाचे डाग, पर्स काखेत. आख्खी आळी बघत होती. कोणी पुढे येईना, कोणी मागेही जाईना. मग मंगेशची आई, इतका वेळ दाराआड रडत बसलेली, बाहेर आली. तिनं दिराकडे बघितलंसुद्धा नाही. कोयत्यानं दोरी कापली.

“गाडी काढ रे संतोष,” ती म्हणाली. “आब्रूचं मागनं बघू.”

जीपमध्ये मी त्याचे पाय धरले, त्याची आई ओलं फडकं अंगावरून फिरवत राहिली आणि बाई त्याला कुशीवर वळवून त्याच्या डोक्याशी बसल्या. घाटातल्या एका वळणावर, कोणी विचारलं नसताना, त्यांनी राहिलेली गोष्ट सांगितली. त्या हॉस्टेलमध्ये पडलेल्या असताना मैत्रिणींनी खोली आतून लावून घेतली होती, रेक्टरच्या भीतीनं. शेवटी त्यातली एक रत्नागिरीची मुलगी उठली आणि जाऊन सगळं सांगून आली. “तिनं सांगितलं म्हणून मी आहे,” बाई म्हणाल्या. “आणि सांगितलं म्हणून तिलाच हॉस्टेलमधून काढलं. तीही सामील असणार म्हणे. शिक्षण सुटलं तिचं. मी बरी होऊन परीक्षेला बसले.”

मंगेश वाचला. पोलादपूरला दवाखान्यात पुडी दाखवल्याबरोबर डॉक्टर कामाला लागले, मग महाडला हलवलं. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं ते मनगटं का दुखतायत हे. त्याला बाकी काहीच आठवत नव्हतं.

गावाला मात्र सगळं आठवत होतं. पोलीस दोनदा वर येऊन गेले, आणि पुढच्या वर्षी संतोषला पालखीला खांदा देऊ दिला नाही. भांगेत बिया घालणाऱ्याला दिला. हे कळल्यावर बाई लुना घेऊन निम्म्या वाटेपर्यंत आणि पुढे चालत कुडपणला गेल्या. त्यांना गावानं चहा दिला, आदरानं बसवलं आणि एक शब्द ऐकला नाही.

परत आल्या त्या सरळ माझ्या खोलीवर. “मास्तर, एक पत्रक लिहायचंय. भाषा तुझी. चुका मी काढणार.”

मी रात्र जागून लिहिलं. ‘व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या तरुणाईने वेळीच सावध व्हावे’, अशी सुरुवात होती. बाईंनी पहिली ओळ वाचून कागद खाली ठेवला.

“हे कोणासाठी आहे?”

“तरुणांसाठी.”

“नाही. हे प्राचार्यांसाठी आहे. त्यांना फार आवडेल.”

मी पुन्हा लिहिलं. पुन्हा कागद परत. असं बरेच दिवस चाललं. मी चिडलो होतो. शेवटी एकदा त्या म्हणाल्या, “खाणारा वाचणारच नाही. खाल्ल्यावर तर त्याला वाचताच येणार नाही. त्याच्या शेजारी जो बसलेला आहे ना, घाबरून, कोणाला सांगावं या विचारात, त्याला लिही. फक्त त्याला.”

त्यानंतर मात्र अर्ध्या तासात झालं. माझ्या नोकरीत मी जे काही लिहिलं त्यात कोणाच्या उपयोगी पडलं असेल ते तेवढंच.

छापायला कोणी तयार होईना. बाजारपेठेतल्या एका प्रेसचे मालक, ज्यांचे भाऊ आखातात होते आणि पुतणे मुंबईत, त्यांनी मजकूर दोनदा वाचला. “खाली मुद्रक म्हणून माझं नाव टाकावं लागेल, बाई. कायदा आहे.”

“भीती वाटत असेल तर दुसरीकडे जाते.”

“वाटतेय ना. पण पुतणे मुंबईत एकटे राहतात. ते माझ्याशी खरं बोलत नाहीत. कोणाशी तरी बोलायला पाहिजेत.” त्यांनी चष्मा लावला. “किती काढू?”

पुढच्या होळीच्या आदल्या दिवशी मुंबईच्या गाड्या स्टँडवर लागत होत्या आणि बाई दर गाडीच्या दाराशी उभ्या राहून पत्रकं वाटत होत्या. मी थोडा मागे होतो, हे सांगितलं पाहिजे. अकराच्या सुमारास एक हवालदार आले. त्यांनी पत्रक हातात घेतलं, वरची ओळ वाचली आणि आवाज चढवला.

“बाई, हे काय? ‘मित्रानं धोतरा खाल्ला असेल तर.’ नशेचा प्रचार करताय तुम्ही. बंद करा.”

“पूर्ण वाचा, साहेब. मग सांगा कुठल्या ओळीत प्रचार आहे. मोठ्यानं वाचा, मलाही कळेल.”

त्यांना वाटलं, बाई आता सापडल्या. ते चौथऱ्यावर चढले आणि चांगल्या खणखणीत आवाजात वाचायला लागले. “‘मित्रानं धोतरा खाल्ला असेल तर तू घाबरलेला असशील. घाबर, पण पळू नको. त्याला एकटं सोडू नको. विहीर, नदी, रस्ता, कडा यांच्यापासून लांब ठेव. बांधू नको. तोंडात ताक, लिंबू, चिंच काही ओतू नको. अंग तापलं असेल तर ओल्या कपड्यानं पूस. तो बरा दिसला तरी उतरायची वाट बघू नको, दवाखान्यात ने. काय खाल्लं, कधी खाल्लं, सोबत दारू होती का, हे डॉक्टरांना खरं सांग. उरलेल्या बिया सोबत ने.’”

चाकरमानी पोरं सामान घेऊन थांबली होती. रिक्षावाले जवळ आले. कंडक्टर घंटी द्यायचा थांबला होता. हवालदारांचा आवाज थोडा बदलला, पण ते थांबले नाहीत. “‘तुला वाटेल, सांगितलं तर मी फसेन. कदाचित फसशील. नाही सांगितलंस तर तो मरेल. ज्यानं खरं सांगितलं त्याला मारू नका, हे आम्ही मोठ्यांनाही सांगत आहोत.’”

ते उतरले. पत्रक परत द्यायला हात पुढे केला आणि बाईंच्या हातातला गठ्ठा बघून म्हणाले, “ट्रॅफिकला अडथळा करू नका. बाजूला उभं राहून वाटा.”

कॉलेजनं मात्र सोडलं नाही. संस्थेनं खुलासा मागवला. बाईंनी पत्रकाची एक प्रत पाठवली, बाकी काही नाही. विभागप्रमुखपद त्यांच्या ज्युनिअरला दिलं गेलं. प्राचार्यांनी एकदा त्यांना बोलावून अगदी मायेनं सांगितलं की, दिलगिरीची दोन वाक्यं लिहा, मी सगळं मिटवतो. बाई म्हणाल्या, “सर, कशाबद्दल ते तुम्ही लिहून द्या. पटलं तर सही करते.” ते त्यांना कधीच लिहिता आलं नाही. निवृत्त होईपर्यंत बाई तशाच राहिल्या, धोतऱ्याचा तास घेत आणि पाट्यांखाली लिहीत.

पत्रकामुळे कोणी धोतरा खायचं थांबलं, असा दावा त्यांनी कधी केला नाही. उलट कोणी तसं कौतुक करायला गेलं तर त्याला झापायच्या. नंतरच्या एका धुळवडीला मला फोन आला की दवाखान्यात एक पोरगा आणलाय, बाईंना सांगा. मी त्यांच्या लुनाच्या मागे बसून गेलो. दुपारचं रखरखीत ऊन होतं. आत कॉटवर एक तरुण, डोळे तसेच सताड, नर्स त्याच्या अंगावरून ओलं कापड फिरवत होती. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “वेळेत आलाय. वाचेल. आणणाऱ्यानं सगळं नीट सांगितलं. कधी खाल्लं, कशात खाल्लं, बिया पण आणल्या. असं कोणी सांगत नाही हो. मला निदानाला वेळच लागला नाही.”

“मेले खातातच अजून,” बाई म्हणाल्या. पण डोळे पुसत होत्या.

बाहेरच्या बाकावर एक मुलगा बसला होता. अंगभर गुलाल. बाकीचे मित्र पसार झालेले दिसत होते. बाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांनी त्याला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

“तूच सांगितलंस डॉक्टरांना?”

त्यानं मान हलवली. “आता काय करतील मला?”

त्या काही बोलायच्या आत फाटकातून हवालदार आले. हे वेगळे होते, तरुण, नव्यानं बदलून आलेले. दवाखान्यातून रीतसर कळवलं गेलं होतं, त्यामुळे त्यांचंही काम होतंच. ते बाकासमोर उभे राहिले.

“पेशंटला कोणी आणलं?”

मुलगा उठायला लागला. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. फाटकापाशी त्यांची लुना अजून स्टँडवर टकटक करत थंड होत होती. मघाशी आम्ही दोघंच तिच्यावरून उतरलो तेव्हा फाटकाबाहेर उभ्या असलेल्या याच हवालदारांनी आम्हाला पाहिलं होतं, हे मला माहीत होतं आणि बाईंनाही.

“मी,” बाई म्हणाल्या. “मी आणलं. काय विचारायचंय ते मला विचारा.”